बोजा उतरता उतरेना

मी पुण्यात राहतो आणि नवी मुंबईजवळच्या तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. गेल्या वर्षी कंपनीने कर्मचाऱ्यांची बस बंद केली, आठवड्यातून तीन दिवस हजेरी पुरे असे जाहीर केले आणि यायचे कसे हा प्रश्न आमच्यावर सोडून दिला. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला परवानगी नाही, त्यामुळे घरच्या मोटारसायकलचा विचारच करता येत नव्हता. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे वर्षाला तीस हजार किलोमीटर असा हिशेब मांडला आणि चार लाखांच्या आत बसणारी, रस्त्यात दगा न देणारी जुनी मोटार घ्यायची ठरवली.

गाडी निवडण्यावर मी फार लिहिणार नाही, कारण ते काम तीन रविवारांत झाले. रनिंग एवढे आहे म्हटल्यावर बहुतेकांनी डिझेल घ्यायला सांगितले. पण लाखभर किलोमीटर चाललेल्या डिझेल गाडीचा टर्बो किंवा इंजेक्टर गेला, तर इंधनात वाचवलेले सगळे पैसे एका दुरुस्तीत जातात, असे आमच्या गॅरेजवाल्याचे मत पडले आणि मला ते पटले. दिल्लीहून आलेल्या स्वस्त डिझेल गाड्याही दाखवण्यात आल्या. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे त्या स्वस्त निघत होत्या. परंतु तिकडचा ना हरकत दाखला आणणे व इथला वाहनकर नव्याने भरणे हे धरले, तर स्वस्ताई बरीचशी संपते. शेवटी २०१७ सालची, एकाच मालकाकडची, ८८ हजार किलोमीटर झालेली पेट्रोलवरची टोयोटा इटिओस मला पसंत पडली. हे मॉडेल २०२० साली बंद झाले, दिसायला साधे आहे आणि म्हणूनच मागणी कमी. मात्र इंजिन दीड लिटरचे, टायमिंग बेल्टऐवजी चेन असलेले आणि दोन एअरबॅग व एबीएस आहेत. या गाडीचा वेगदर्शक काटा डॅशबोर्डच्या मधोमध असतो, त्यामुळे शेजारी बसलेल्या पत्नीलाही माझा वेग दिसतो, हा तिच्या मते गाडीचा सर्वांत मोठा गुण आहे. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. इटिओस टॅक्सी म्हणून पुष्कळ चालल्या, तेव्हा आज पांढरी पाटी असली, तरी आधी पिवळी होती का, हे कागदावर पाहून घ्यावे.

ज्यांच्याकडून गाडी घेतली ते सत्तरीतले निवृत्त गृहस्थ होते. त्यांना मी काका म्हणू लागलो आणि पुढच्या दोन महिन्यांत आमचा सहवास इतका घडला की तेच नाव कायम झाले. गॅरेजवाल्याने गाडी थंड असताना सुरू करून पाहिली, कूलंट व ऑइलचे झाकण उघडून पाहिले, स्टेपनीखालचा पत्रा तपासला आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी चिखलाचा माग आहे का ते पाहिले. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली, तरी तिथे बहुधा पकडली जाते. ताशी ऐंशीला स्टिअरिंग थरथरले नाही, ब्रेक दाबल्यावर पेडल धडधडले नाही. सौदा ३ लाख ६० हजारांना ठरला, मी दहा हजार टोकन दिले आणि घरी पेढे आणले.

त्या संध्याकाळी मी एक गोष्ट करायला हवी होती, ती म्हणजे आरसी कार्ड, म्हणजे गाडीच्या नोंदणीचे कार्ड, हातात घेऊन नीट वाचणे. त्यावर काकांच्या नावाखाली एका बँकेचे नाव होते. काकांनी मोटारीचे कर्ज २०२१ मध्येच फेडले होते. परंतु कर्ज फिटले म्हणून नोंदीवरचा बोजा, म्हणजे गाडीवरच्या बँकेच्या हक्काची नोंद, आपोआप उतरत नाही. बँकेचा ना हरकत दाखला आणि बँकेने सही-शिक्का केलेला फॉर्म ३५ परिवहन कार्यालयात दिल्यावरच तो उतरतो, आणि तो उतरेपर्यंत बँकेच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. हे मला एजंटाने सांगितले, तेही मी काकांना तीन लाख दहा हजार देऊन बसल्यावर. पन्नास हजार नाव बदलेपर्यंत हातात ठेवले होते, एवढे एकच शहाणपण मी त्या दिवशी दाखवले होते.

काकांना हे सांगितले तेव्हा ते अजिबात गडबडले नाहीत. "अहो, दाखला आहे की माझ्याकडे," असे म्हणून त्यांनी कपाटातून फाइल काढली आणि दाखला माझ्या हातात ठेवला. तो त्यांनी लॅमिनेट केला होता. फॉर्म ३५ च्या दोन्ही प्रतीसुद्धा पाठीला पाठ लावून त्याच प्लॅस्टिकमध्ये बंद होत्या. पाणी लागून खराब होऊ नये म्हणून त्यांनी इतकी काळजी घेतली होती की त्या कागदावर आता कुणालाच सही करता येणार नव्हती. शिवाय दाखल्याच्या तळाशी बारीक अक्षरांत 'दिनांकापासून ९० दिवसांपर्यंत वैध' असे छापलेले होते आणि ती मुदत संपून चार वर्षे होत आली होती.

नवा दाखला मागण्यासाठी आम्ही बँकेच्या शाखेत गेलो. कर्ज काकांच्या नावाचे, म्हणून प्रत्येक वेळी काकांनाच यावे लागे, आणि त्यांचे गुडघे दुखत असल्यामुळे मी रिक्षा करून त्यांना नेत असे. गाडी मात्र माझ्या पार्किंगमध्ये कव्हराखाली उभी होती. शाखेतल्या मॅडमनी सांगितले की वाहनकर्जाचा विभाग आता इथे नाही, अर्ज मध्यवर्ती कार्यालयाकडे जाईल आणि कामकाजाचे पंधरा दिवस लागतील. पंधरा दिवसांनी कळले की अर्जाबरोबर जोडलेल्या आधार कार्डाच्या प्रतीवर काकांची सही नव्हती, म्हणून अर्ज 'प्रलंबित' होता. तो प्रलंबित आहे हे आम्हाला कळवणे मात्र कुणाच्याच कामात बसत नव्हते. हेल्पलाइनवर फोन केला की मी स्वतः कर्जदार नाही म्हणून माहिती देता येत नाही, असे उत्तर येई. काकांना फोन दिला की त्यांना पलीकडचा आवाज ऐकू येत नसे. मी शेजारी बसून प्रश्न कानात सांगायचा आणि काकांनी तो मोठ्याने विचारायचा, अशी सोय आम्ही लावली.

या काळात मी नियमही वाचून काढले. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी असे निर्देश दिले आहेत की कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत बँकेने मूळ कागदपत्रे परत करावीत आणि नोंदवलेला बोजा काढावा. बँकेच्या चुकीमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी. हे वाचून मला जो आनंद झाला तो पुढच्या परिच्छेदापर्यंत टिकला, कारण हे निर्देश १ डिसेंबर २०२३ पासूनच्या प्रकरणांना लागू आहेत आणि काका त्याआधी दोन वर्षे प्रामाणिकपणे मोकळे झाले होते. मग बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे ठरवले. त्यासाठी आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते आणि बँकेने ती फेटाळली किंवा तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तरच रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. मी लेखी तक्रार दिली, तिचा क्रमांक वहीत लिहून ठेवला आणि दिवस मोजू लागलो. सव्विसाव्या दिवशी दाखला आला. तक्रारीमुळे आला की आपल्या गतीने आला, हे मला ठरवता आलेले नाही. पण दुसऱ्या कुणाला सांगायची वेळ आली तर मी पहिल्याच दिवशी तक्रार लेखी द्या असे सांगेन.

दाखला घेऊन परिवहन कार्यालयात गेलो. मालकी बदलाच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती व फॉर्म ३०, शिवाय फॉर्म ३५, विमा, पीयूसी, पत्त्याचे पुरावे आणि चेसिस क्रमांकाची पेन्सिल प्रिंट असा गठ्ठा होता. ही प्रिंट घेताना मला मजा वाटली होती: एजंटाने पत्र्यावर कोरलेल्या क्रमांकावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली आणि काळ्या पट्ट्यातून पांढरी अक्षरे एकेक करून वर आली. खिडकीतल्या गृहस्थांनी ती पट्टी बँकेच्या दाखल्याशेजारी ठेवली, बोटाने एकेक अक्षर जुळवत गेले आणि शेवटून चौथ्या जागी थांबले. बँकेने तिथे शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' टाइप केला होता. पट्टीवर दोन्ही सारखेच दिसतात, असे मी म्हणालो. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "साहेब, चेसिस नंबरात ओ हे अक्षर येतच नाही." हे खरे आहे, मी नंतर पडताळून पाहिले. सतरा अंक-अक्षरांच्या त्या क्रमांकात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे मुद्दाम वगळलेली आहेत, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. म्हणजे जो गोंधळ होऊ नये म्हणून जगभर ही अक्षरे काढून टाकली, तोच बँकेने माझ्यापुरता परत आणला होता. मला राग त्या गृहस्थांचा आला नाही, त्यांचे बरोबरच होते.

त्या एका अक्षरासाठी आणखी एकोणीस दिवस गेले. दुरुस्तीचा अर्ज, पुन्हा काकांची सही, पुन्हा मध्यवर्ती कार्यालय. "वाचायला तर सारखेच आहे ना," असे शाखेतून मला ऐकवण्यात आले. दर रविवारी मी कव्हर काढून, बॅटरी उतरू नये म्हणून, इंजिन पंधरा मिनिटे सुरू ठेवत असे आणि सोमवारी पहाटे साडेपाचला सामायिक टॅक्सीची वाट पाहत हायवेला उभा राहत असे. गाडी चालवायची माझी हिंमत नव्हती, कारण विमा कंपनी परिवहन कार्यालयाची पोच पाहिल्याशिवाय पॉलिसीवर माझे नाव घालायला तयार नव्हती. तिसऱ्या पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे येते असे कायदा म्हणतो. पण घाटात आपल्याच गाडीचे नुकसान झाले तर भरपाई कुणाला, हा वाद मला बोरघाटाच्या उतारावर घालायचा नव्हता. विम्याचेच निघाले म्हणून सांगतो: नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचाच राहतो, तेव्हा त्या फरकाची रक्कम खर्चात धरून ठेवावी.

आणखी काही गोष्टी आता आठवतात. टायरची नक्षी चांगली दिसली, तरी बाजूवरचे चार अंक वाचावेत. पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. माझ्या गाडीचे टायर १४१८ होते, म्हणजे २०१८ च्या चौदाव्या आठवड्यातले, आणि एक्स्प्रेसवेच्या तापलेल्या काँक्रीटवर ताशी शंभरने जायचे असल्यामुळे मी चारही बदलले. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का तेही पाहावे, नाहीतर परिवहन कार्यालयातले काम अडते. जुनी ई-चलने थकली असतील तरी अडते. टोलचे सांगायचे तर मोटारीला पूर्ण अंतराचे एका बाजूचे ३२० रुपये पडत होते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तीन हजारांना निघालेला वार्षिक फास्टॅग पास या रस्त्यावर चालत नाही, कारण तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे आणि हा रस्ता राज्याच्या महामंडळाचा आहे.

गाडी घेतल्यापासून अठ्ठावन्नाव्या दिवशी अर्ज स्वीकारला गेला. पुढे पोच घेऊन विम्यावर नाव चढले, मी काकांचे पन्नास हजार दिले आणि सोमवारी पहिल्यांदा गाडी एक्स्प्रेसवेवर काढली. टोलनाक्यावर दांडा वर गेला, मी समाधानाने पुढे निघालो. कारखान्यात पोहोचून चहा घेत होतो तेवढ्यात काकांचा फोन आला. "पोहोचलात वाटतं सुखरूप? माझ्या खात्यातून टोल गेला." गाडीच्या एका क्रमांकावर एकच फास्टॅग चालतो, त्यामुळे जुना बंद केल्याशिवाय नवा मिळत नाही, आणि काचेवर अजून काकांचाच होता. मी तिथूनच त्यांना पैसे पाठवले. रविवारी त्यांनी त्यांचा फास्टॅग बंद केला आणि मी तो काचेवरून खरवडून काढला. त्याचा चिकट चौकोन अजून पूर्ण गेलेला नाही.