‘चित्रेही चांगली आहेत’

कॉमिकच्या नव्या पुस्तकाचे परीक्षण हाती आले की माझी नजर हल्ली आधी शेवटच्या परिच्छेदाकडे जाते, कारण ‘चित्रेही चांगली आहेत’ हे वाक्य तिथे हमखास सापडते. परवा दुपारी जेवणानंतर जरा लवंडून मी ‘ॲस्टेरिक्स’ या फ्रेंच कॉमिक-मालिकेच्या 2025 च्या ऑक्टोबरात आलेल्या नव्या अल्बमवरचा एक लांबलचक लेख वाचत होतो. ॲस्टेरिक्स आणि ओबेलिक्स यावेळी लुसितानियाला, म्हणजे आजच्या पोर्तुगालच्या भूमीला निघाले आहेत. लेखक फाबकारो यांचा विनोद मालिकेचे मूळ लेखक रने गॉसिनी यांच्या तोडीचा आहे की नाही, याचा तिथे सांगोपांग ऊहापोह होता, आणि शेवटी ते वाक्य होते. माझी झोप उडाली. 48 पानांच्या ज्या पुस्तकात डोळ्यांपुढे सतत चित्रच असते, त्याविषयी असे लिहिणे म्हणजे पंगतीतल्या साऱ्या पक्वान्नांचे वर्णन करून झाल्यावर ‘आणि वाढलेही होते’ असे सांगण्यापैकी आहे.

आम्ही मुले यापेक्षा बरे परीक्षक होतो. टाइम्स ऑफ इंडियाने 1964 मध्ये सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्सचा मराठी अंक आमच्या गल्लीतल्या वाचनालयात आला की तो आधी कोणाला मिळणार यावरून भांडण व्हायचे, आणि ज्याला मिळे त्याने तो ओट्यावर बसून सगळ्यांदेखत उघडायचा असा दंडक होता. कथा काय आहे, हे तेव्हा कोणीच विचारत नसे. पहिली दोन पाने उलटली की निकाल जाहीर व्हायचा: ‘खरा वेताळ आहे’ किंवा ‘खोटा आहे’. (वेताळ म्हणजे इंग्रजीतला ‘फँटम’, जंगलात राहणारा मुखवटेधारी नायक.) खोटा वेताळ म्हणजे खांबासारखा ताठ उभा राहणारा, जाड रेघांचा, ज्याच्या जंगलात झाडे मोजकीच असत असा. खऱ्या वेताळाच्या दंडाचे स्नायू दिसत, त्याच्या मागच्या पानापानावर सावली असे आणि त्याची कवटीची अंगठी गुंडाच्या हनुवटीवर आदळल्याचा आवाज चौकटीबाहेर ऐकू येई. ली फॉक यांच्या या नायकाला आधी विल्सन मॅकॉय आणि 1961 नंतर साय बॅरी यांनी घडवले आणि इंद्रजालमध्ये दोघांच्याही कथा सरमिसळ होऊन येत, हे मला फार उशिरा कळले. मात्र दोन हातांमधला फरक ओट्यावरच्या सर्वांत लहान मुलालाही कळत होता. बी. गोविंद यांनी रंगवलेली मुखपृष्ठे तर काही वेळा आतल्या चित्रांपेक्षा सरस असत, आणि मुखपृष्ठाला भुलून अंक घेतल्यावर आत खोटा वेताळ निघाला की होणारी चिडचिड मी अजून विसरलेलो नाही. (आज मॅकॉय यांच्या त्या साध्या रेघा मला आवडू लागल्या आहेत, पण ओट्यावर हे बोलण्याची सोय नव्हती.)

नव्या कॉमिकवर लिहायची वेळ येते, तेव्हा मी ते दोनदा वाचतो: एकदा नेहमीसारखे, आणि दुसऱ्यांदा संवादांचे फुगे तळहाताने झाकून. घरच्यांना हा चाळा वाटतो. पण चित्रकार दिदिए कॉनराड यांनी 2013 पासून ॲस्टेरिक्सचे गाव मूळ चित्रकार आल्बेर उदेर्झो यांच्यानंतर कसे सांभाळले आहे, हे झाकलेल्या फुग्यांच्या वाचनातच कळते. आधी ठरलेल्या चित्रकाराने माघार घेतल्यामुळे तो पहिला अल्बम कॉनराड यांच्याकडे ऐनवेळी आला होता. दुसऱ्याची रेघ इतकी वर्षे आपल्या हातातून काढायची आणि तिच्यात स्वतःची थोडीशी सोडायची, ही कसरत कोणत्याही कोटीपेक्षा अवघड आहे. शेवटच्या पानावरची मेजवानी पाहावी. शेवट ठाऊक असल्यामुळे परीक्षक ती ओलांडून जातात. मी मात्र तिथे रेंगाळतो. भाजलेल्या रानडुकरांवर गाव तुटून पडलेले असते, बहुतेक वेळा गायकबुवा तोंडात बोळा कोंबून झाडाला जखडलेले असतात, आणि कोण कोणाशेजारी बसला आहे, कोणाचा पेला सांडतो आहे, कुत्रा कुठल्या हाडावर डोळा ठेवून आहे, हे सारे चित्रकार एका अक्षराविना सांगत असतो.

रंगांची कथा तर आणखी वेगळी. उदेर्झो यांना रंगांधत्व होते. म्हणजे ओबेलिक्सच्या विजारीवरचे ते निळे-पांढरे पट्टे आणि त्याचे ते लाल केस ज्यांच्या लेखणीतून उतरले, त्यांना हिरव्या-लाल रंगांतला भेद धड दिसत नव्हता, आणि आपल्या डोळ्यांत बसलेले ते गाव रंगवायला इतरांची मदत लागत होती. अलीकडच्या अल्बमांचे रंग थिएरी मेबार्की यांचे आहेत. मुखपृष्ठावर ठळक नावे असतात ती लेखकाची आणि चित्रकाराची. रंगकाराचे नाव आत बारीक टाइपात शोधावे लागते, आणि परीक्षणात तर ते बहुधा येतच नाही.

मला सध्या लिहायच्या असलेल्या परीक्षणाला शब्दमर्यादा आहे, आणि रेघ, रंग व मेजवानी एवढ्यातच ती संपत आली आहे. उरलेल्या जागेत कथानक बसले नाही तर ते गाळायचे असे मी ठरवले आहे; नाहीतरी ते मागच्या मुखपृष्ठावर छापलेले असतेच.