मोगऱ्यात खरंच 'ते' असतं का?

"मोगऱ्याच्या सेंटमध्ये घाण घालतात म्हणे, खरंय का?" मी सुगंधाच्या धंद्यात आहे हे कळलं, की हळदीकुंकवालाही हाच प्रश्न येतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

घाण नाही, इंडोल नावाचं रसायन घालतो. पांढरे चकचकीत पापुद्रे असतात, उजेड-हवा लागली की लालसर पडतात. १८६६ मध्ये आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं निळीवर, म्हणजे इंडिगोवर, काम करताना ते मिळवलं. नावात इंडिगो आहे तो त्यामुळेच. आपल्या आतड्यातले जिवाणू प्रथिनांतलं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल तोडून इंडोल करतात, आणि मोगरा स्वतःचं स्वतः करतो. कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही! बाटलीला थेट नाक लावलंत तर डांबरगोळ्यांसारखा कोंदट वास येतो. तेच खूप पातळ करा, फूल समोर येतं.

हे मी आज ठणकावून सांगते. पण पूर्वी एकदा एका पांढऱ्या साबणासाठी मोगऱ्याचा सुगंध तयार करताना इंडोल मीच काढून टाकलं होतं. साबण तपकिरी पडतो, हे कारण खरंच होतं. पण मी त्याला 'स्वच्छ मोगरा' म्हणत मिरवलेही.

त्याच उन्हाळ्यात आई अंथरुणाला खिळली. एका रात्री दोन वाजता म्हणाली, मोगरा हवाय. मी माझा नमुना रुमालावर लावून दिला. तिनं हुंगला आणि रुमाल बाजूला सारला. "हा साबण आहे गं."

सकाळी गजरा आणून उशाशी ठेवला. संध्याकाळपर्यंत फुलांच्या कडा तपकिरी झाल्या. तिचे कपडे बदलायचे राहिले होते, खोली बंद होती. इतकी वर्षं कमावलेलं माझं नाक, पण फुलाचा वास कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, ते मला सांगता येईना. आई गजरा मुठीत धरून डोळे मिटून पडली होती. मी खिडकी उघडायला गेले तर म्हणाली, "राहू दे, वास जाईल."

कुठला, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर कितीतरी नमुन्यांत मी इंडोल परत घातलं. पण तेव्हाची मी अजून वाद घालते: साबण घेणारी बाई आजाऱ्याच्या खोलीतला वास का विकत घेईल? तिचंही चुकत नाही. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकानं "जरा जड वाटतंय" म्हटल्यावर मी इंडोल निम्म्यावर आणलं. नमुना अजून पाठवलेला नाही. रोज सकाळी त्यात वास घ्यायची कागदी पट्टी बुडवते, हुंगते आणि झाकण लावून ठेवते.