तुम्ही विचारलेत म्हणून: त्या थपडेविषयी

बेलफास्टला राहायला येऊन मला आता वीस वर्षे होतील. सुट्टीत पुण्याला गेले असताना किंवा इथल्या मराठी मंडळींत उत्तर आयर्लंडमधून ब्रिटिश संसदेत निवडून गेलेल्या बर्नाडेट डेव्हलिनचा विषय निघाला की मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. लिओ वराडकरांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड, आणि ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले; मग त्यांच्याविषयी न बोलता तुम्ही या बाईविषयी का बोलता, हा पहिला. आडनाव पाहून जिव्हाळा वाटून घेणे मला जमत नाही, एवढेच त्याचे उत्तर आहे. दुसरा प्रश्न मात्र खरोखर टोचतो. सूतकताई करणाऱ्या आजोबांची नात असून भर संसदेत गृहमंत्र्यावर हात उचलणाऱ्या बाईची बाजू तुम्ही कशी घेता?

एप्रिल १९६९ मध्ये तिथल्या मिड अल्स्टर मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत, ९१ टक्क्यांहून अधिक मतदान झालेले असताना, मानसशास्त्र शिकणारी ही २१ वर्षांची मुलगी निवडून आली, हे तुम्ही माझ्याच तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की त्याची उजळणी नको. फक्त एक आठवण ठेवा. वेस्टमिन्स्टरची, म्हणजे ब्रिटिश संसदेची जागा जिंकायची आणि तिथे पाऊलही ठेवायचे नाही, ही उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून सोडवू पाहणाऱ्या आयरिश राष्ट्रवाद्यांची जुनी रीत होती. ती मोडून, आपण सभागृहात बसू आणि तिथेच भांडू, असे सांगून तिने मते मागितली होती. म्हणजे त्या सभागृहावर विश्वास टाकून ती तिथे गेली होती. पुढचे सगळे या गोष्टीशी जोडून पाहिले नाही तर ती थप्पड म्हणजे नुसता आततायीपणा ठरतो.

३० जानेवारी १९७२ हा रविवार होता. विनाचौकशी स्थानबद्धतेच्या विरोधात निघालेला मोर्चा उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराच्या बॉगसाइड वस्तीत पोहोचला होता आणि फ्री डेरी कॉर्नरला सभा सुरू होत होती. व्यासपीठावर बर्नाडेट होती, आणि तिच्यासोबत फेनर ब्रॉकवे होते. कलकत्त्यात जन्मलेले आणि भारताच्या स्वातंत्र्यासाठी ब्रिटनमध्ये आयुष्यभर बोललेले हेच ते ब्रॉकवे. गोळीबार सुरू झाला तेव्हा जमलेली माणसे जमिनीवर आडवी झाली. ब्रिटिश सैन्याच्या पॅराशूट रेजिमेंटच्या गोळ्यांनी त्या दिवशी तेरा जण मेले. चौदावा जखमी पुढे काही महिन्यांनी गेला.

दुसऱ्या दिवशी गृहमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, निवेदन केले की आपल्यावर हल्ला करणाऱ्यांवरच सैनिकांनी उलट गोळीबार केला. त्या सभागृहात ही घटना डोळ्यांनी पाहिलेली एकच सदस्य होती. चर्चेत असलेली घटना ज्या सदस्याने स्वतः पाहिली आहे त्याला बोलू द्यावे असा संकेतही होता. तिने उठून तो हक्क मागितला. सभापतींनी असा हक्क नसल्याचे सांगितले. तिने पुन्हा मागितला, पुन्हा नकार मिळाला. तेव्हा ती आपल्या बाकावरून उठली, मधली मोकळी जागा ओलांडून सरकारी बाकांपाशी गेली आणि तिने मॉडलिंग यांच्या तोंडावर मारले. त्यांचे केसही ओढले. पश्चात्ताप होतो का, असे नंतर विचारले असता, त्यांचा गळा धरला नाही याचेच वाईट वाटते, अशा अर्थाचे उत्तर तिने दिले.

मराठी मंडळींपुढे मी हा प्रसंग पहिल्यांदा सांगितला तेव्हा, भावनेच्या भरात एका तरुण मुलीकडून चूक झाली, असे म्हणून मोकळी झाले होते. आज ते आठवले की मला स्वतःचा राग येतो. त्या उत्तरात माझ्या श्रोत्यांना दुखवू नये एवढीच काळजी होती. शिवाय ते चुकीचेही होते, कारण तिचे भान सुटलेले नव्हते; तिने नियमाने दोनदा वेळ मागितली होती. पण त्या वेळची मी आज मला उलट विचारते की, ज्याचे ऐकले जात नाही त्या प्रत्येकाने हात उचलायचा का? आणि खोटे निवेदन वाचणारा मंत्री तिच्या बाजूचा असता तर? यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. फक्त तुम्ही मला थपडेविषयी शंभरदा विचारलेत आणि त्या तेरा माणसांविषयी एकदाही नाही, हे मी मोजून ठेवले आहे.

आता माझीही लबाडी सांगते. माझ्या बोलण्यात बर्नाडेट नेहमी बावीस-चोवीस वर्षांचीच राहते. डिसेंबर १९७४ मध्ये तिने ज्या पक्षाच्या स्थापनेत भाग घेतला त्याची एक सशस्त्र शाखाही त्याच वेळी उभी राहिली, हे मी गाळत आले. ती शाखा पक्षाच्या ताब्यात राहावी असा तिचा आग्रह होता, तो मान्य झाला नाही आणि वर्षभरात ती बाहेर पडली, हेही मग गाळावे लागले. लग्नाआधी मूल झाले म्हणून १९७१ मध्ये अनेक कॅथलिक मतदार तिच्यावर रुसले, हे मात्र मी रंगवून सांगते, कारण त्यात ती निर्विवाद सोसणारी दिसते. १९८१ च्या जानेवारीत बंदूकधाऱ्यांनी घरात शिरून, मुले घरात असताना, तिच्यावर आणि तिच्या नवऱ्यावर गोळ्या झाडल्या आणि दोघेही वाचले, हेही सांगते. नंतर डंगॅनन गावात स्थलांतरित कामगारांसाठी तिने वर्षानुवर्षे केलेल्या कामाला मी जेमतेम दोन वाक्ये देते, जरी स्वतः स्थलांतरित असल्याने माझा खरा संबंध त्याच कामाशी आहे.

१५ जून २०१० रोजी मी डेरीच्या गिल्डहॉलसमोरच्या गर्दीत उभी होते. त्या गोळीबाराच्या, बारा वर्षे चाललेल्या सॅव्हिल चौकशीचा अहवाल त्या दिवशी आला. मेलेल्यांपैकी कोणाकडूनही सैनिकांच्या जिवाला धोका नव्हता, असा त्याचा निष्कर्ष होता. सैनिकांची बहुतांशी पाठराखण करणाऱ्या १९७२ च्या पहिल्या चौकशीच्या, म्हणजे विजरी अहवालाची प्रत लोकांसमोर फाडली गेली. मोठ्या पडद्यावर तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन त्याच कॉमन्समध्ये उभे राहून माफी मागत होते, कोणी त्यांना अडवत नव्हते, आणि भोवतालची माणसे टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या. वाजवता वाजवता मनात आले की हेच सांगायला ती अडतीस वर्षांपूर्वी उठली होती आणि तिला खाली बसवले गेले होते. मग माझे हात थांबले. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिले, आणि मी पुन्हा टाळ्या वाजवू लागले.