विमा आहे हो साहेब!

लायसन्स हातात पडून महिना नाही झाला आणि आज आरे-वारेच्या रस्त्यावर वाहतूक पोलीस साहेबांनी मशीनवर गाडीचा नंबर टाकून सुनावलं, "विमा संपलाय तुझा." काकांनी पॉलिसी मुदतीआधीच दुसऱ्या कंपनीत नूतनीकरण केली होती, पण त्या मशीनला कोण सांगणार? तिथे जुनीच तारीख.

मोटार वाहन कायद्याचं कलम १९६. विमा नसताना गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कैद ऐकून मागे बसलेली आत्या गणपतीपुळ्याच्या बाप्पाला नवस बोलायला लागली.

पॉलिसी व्हॉट्सअॅपवर होती, पण रेंज शून्य. (समुद्र दिसला की रेंज जाते, हा आमच्याकडचा नियमच.) शेवटी टेकडीवर चढून पीडीएफ उतरवली. "कागद हवा" म्हणाले. मी म्हटलं, साहेब, केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ प्रमाणे मोबाइलवरची प्रतही चालते. ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी हे घोकून घेतलं होतं, देव त्यांचं भलं करो. साहेबांनी तारखा दोनदा वाचल्या, पॉलिसी नंबर पडताळला नि सोडलं. चलन नाही.

तरी आत्याने घरी येईपर्यंत चार जणींना फोन करून सांगितलंय की मला पोलिसांनी पकडलं. तेव्हा कृपया चौकशीचे फोन नकोत, मी घरीच आहे.