शाल, श्रीफळ आणि शनिवारची पोरं

12 ऑक्टोबर, रविवार

आज पुस्तकांना वारा दाखवला. आमच्या बेळगावजवळच्या गावात जूनमध्ये लागलेला पाऊस गणपती झाले तरी हटत नाही, आणि वाचनालयाची मागची भिंत चार महिने ओली राहते. कपाटातल्या खालच्या फळीला कुबट वास, कसर आणि बुरशीचे पांढरे ठिपके. दरवर्षी दसरा झाला की ही सगळी पुस्तकं देवळाच्या ओवरीत काढायची. थेट उन्हात नाही. कागद पिवळा पडतो आणि बांधणीचा गोंद तडकतो. सावलीत, वारा खेळेल तिथं, अर्धवट उघडून उभी ठेवायची. मग सुक्या फडक्यानं पुसायचं, फळीत कडुलिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या टाकायच्या आणि दाखल नोंदवहीशी ताडून परत लावायचं.

वाचनालयाचा कार्यवाह म्हणून माझं एक निरीक्षण आहे. वर्षभरात आम्ही जेवढे कार्यक्रम करतो, त्या सगळ्यांपेक्षा या एका दिवशी वाचनालयात जास्त माणसं शिरतात. कुणालाच बोलावलेलं नसतं. देवाला आलेली बाई थांबते, एखादं पुस्तक उचलते, दोन पानं तिथंच उभ्यानं वाचते. ट्रॅक्टर लावून एकजण आला आणि म्हणाला, "हे नेलं तर चालतंय काय?" सभासद नव्हता. म्हटलं, चालतंय की. अनामत पुढच्या आठवड्यात आण.

कपाटाला कुलूप असतं तेव्हा हीच पुस्तकं कुणी मागत नाही. काचेआडच्या पुस्तकाला विचारायचं कसं, हाच लोकांना प्रश्न असावा.

15 ऑक्टोबर

वाचन प्रेरणा दिन. अब्दुल कलामांच्या जन्मदिवशी महाराष्ट्रात 2015 पासून पाळतात. सीमा ओलांडून शिनोळीत शिरलं की महाराष्ट्रातला चंदगड तालुका; तिथल्या शाळांत आज कार्यक्रम. इथं शाळेला त्याचा पत्ता नाही, कारण आमचं कॅलेंडर बेंगळूरहून येतं. सीमेवरच्या गावाची ही एक गंमत म्हणायची. पलीकडचे दिवस पेपरात वाचून पाळायचे आणि अलीकडचे परिपत्रक आलं म्हणून. आम्ही दोन्ही पाळतो. आज संध्याकाळी फोटोला हार घातला, चहा प्यालो. उद्यमबागच्या कारखान्यात पहिली शिफ्ट होती, डोळे मिटत होते. एवढंच.

18 ऑक्टोबर, शनिवार

शनिवारचं गोष्टवाचन हा सध्या आमचा एकमेव कार्यक्रम, ज्याला निमंत्रणपत्रिका नाही, अध्यक्ष नाही आणि आभारप्रदर्शनही नाही. संध्याकाळी दिवेलागणीला कुणीतरी मोठ्या माणसानं एक गोष्ट मोठ्यानं वाचायची, मग पोरांपैकी कुणाला वाटलं तर त्यानं वाचायचं. शेवटी चिरमुरे.

दिवाळी तोंडावर आहे, गल्लीगल्लीत किल्ले चाललेत. पोरं कोपरापर्यंत चिखल घेऊन आली. बोरिंगवर हात धुवायला पाठवली, तरी एका पुस्तकाच्या कोपऱ्यावर शिवनेरीची माती लागलीच. अप्पांनी (आमचे अध्यक्ष) ती पाहिली, माझ्याकडं पाहिलं आणि पेपरात डोकं घातलं.

अप्पांचा या उपक्रमावर फारसा विश्वास नाही. त्यांच्या मनातलं वाचनालय शहरातल्या सार्वजनिक वाचनालयासारखं. ते 1848 चं, पावणेदोनशे वर्षांची परंपरा, बॅ. नाथ पै यांच्या नावाची व्याख्यानमाला. तरुणपणी अप्पा सायकलवरून तिथं व्याख्यानं ऐकायला जायचे आणि रात्री काळोखातून परत यायचे. त्यांना आमच्या गावातही तसंच हवं आहे. त्यात चूक काही नाही. पण मागच्या वर्षीच्या व्याख्यानाला समोर बसलेल्यांत कार्यकारिणीचे सभासद किती आणि बाकीचे किती, हे मी मोजलं नाही, मोजायची गरजही नव्हती. पाहुणे उत्तम बोलले. शाल, श्रीफळ, गाडीभाडं आणि मंडप यांत वर्षभराच्या पुस्तक खरेदीचे पैसे गेले.

1 नोव्हेंबर

वाचनालय बंद. शहरात एकीकडं कर्नाटकाच्या स्थापनेची राज्योत्सव मिरवणूक, दुसरीकडं मराठी माणसांची काळ्या दिनाची निषेध फेरी. 1956 पासून दरसाल हेच. गोष्टवाचन नाही, हे दोन पोरांना ठाऊक नव्हतं. ती कुलूप बघून परत गेल्याचं पानवाल्यानं सांगितलं.

5 नोव्हेंबर

अभ्यासिकेबद्दल लिहायचं राहून जातं. माडीवरची ती खोली आम्ही स्पर्धा परीक्षेच्या पोरांना दिली, तेव्हा कार्यकारिणीत बरीच चर्चा झाली होती. खोलीत कन्नड पुस्तकं किती? जवळजवळ सगळीच. पोलीस भरती असो की दुसरी कुठली राज्याची नोकरी, कन्नडशिवाय पाऊल पुढं पडत नाही. पोरांनी आपापली गाईडं आणली. एकजण म्हणाला, मराठी वाचनालयात हे शोभतं काय? मी म्हटलं, पोरगं मराठी आहे ना, मग त्याच्या हातात काय आहे ते त्याला बघू दे. काही पोरं पहाटे पळायला जातात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यानं सैन्यात जायचं वेड आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्यांचं. पळून आले की अंघोळ करून थेट अभ्यासिकेत.

यातून एक वेगळीच गोष्ट सुरू झाली, आम्ही न ठरवता. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2000 रुपये बायकांच्या खात्यावर येतात. कधी येतात, कधी अडकतात. मोबाईलवर येणारे संदेश, पंचायतीचं पत्र, सोसायटीची नोटीस, सगळं कन्नडमध्ये. एका मावशीनं अभ्यासिकेतल्या भाच्याला मोबाईल वाचायला दिला. तिनं शेजारणीला सांगितलं. आता दुपारी तीन-साडेतीनला, शेतातून आल्यावर, स्त्रीशक्ती संघाच्या (बचत गटाच्या) बायका माडीच्या पायरीवर बसतात आणि पोरं त्यांना कागद वाचून दाखवतात, अर्ज भरून देतात. पोरांचाही सराव होतो. आज एक पोरगा आधार जोडणीचं पत्र वाचत होता, शब्द अडला, तर मावशीच म्हणाल्या, "अरे ते 'बँकेत या' म्हणूलेत. मला ऐकून ठाऊक हाय, वाचता तेवढं येत नाही."

त्यातल्या दोघीतिघी परत जाताना खाली थांबल्या, मासिकं चाळली. एकीनं दिवाळी अंक नेला. वाचनालयात पाऊल टाकायला काहीतरी काम लागतं माणसाला. नुसतं 'या, वाचा' म्हणून कोण येतंय?

8 नोव्हेंबर, शनिवार

रताळी आणि भात दोन्ही एकदम आलंय. घरटी माणूस शेतात, पोरांसकट. बेळगावच्या बाजारात रताळ्याची आवक चालू आहे तोवर गावात कुठलाही कार्यक्रम ठेवू नये, असा ठरावच करायला हवा. तरी चार-पाच जण आली. त्यांतली एक सहावीतली मुलगी, इंग्रजी माध्यमाची.

आमच्याकडं पोरांचे सरळ दोन गट पडतात. मराठी शाळेतली पोरं मराठी घडाघडा वाचतात. शाळेत विषय असल्यानं कन्नडही वाचता येतं, पण बोलायची वेळ आली की गप्प. इंग्रजी किंवा कन्नड माध्यमातली पोरं घरात आजीशी मराठीत भांडतात, पण पुस्तक दिलं की लाजतात. देवनागरी त्यांना भेटते ती हिंदीच्या तासाला. त्यामुळं ही मुलगी बऱ्यापैकी वाचत होती आणि 'ळ' आला की थांबत होती. हिंदीच्या पुस्तकात ते अक्षर नाही. आवाज मात्र तिच्या तोंडात जन्मापासून आहे, घरातही आणि कन्नडमध्येही. एकदा बोट ठेवून सांगितल्यावर तिनं पानभर 'ळ' हुडकले, खडे वेचल्यासारखे. मग विचारलं, "काका, हे घरी नेऊ? आजीला वाचून दाखवते."

नेलं. सभासद व्हायला वडिलांची सही लागते. ती मागाहून.

14 नोव्हेंबर

राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह आजपासून, 20 पर्यंत. आज पंचायतीच्या अरिवु केंद्रात, म्हणजे तिथल्या सरकारी ग्रंथालयात, जोडकार्यक्रम केला. याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण गावात यावर बरंच बोललं गेलं.

कर्नाटकाचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1965 चा. घरपट्टीबरोबर 6 टक्के ग्रंथालय कर द्यावा लागतो. पावती नीट वाचली तर दिसतं. आमच्यापैकी कुणी वाचत नाही. म्हणजे पंचायतीचं ग्रंथालय आमच्याच पैशावर चालतं. 'ओदुव बेळकु' नावाच्या मोहिमेत 6 ते 18 वयाच्या मुलांना तिथं सभासदत्व फुकट. संगणक आहे, टेबलं-खुर्च्या आहेत, बालपुस्तकं तर आमच्यापेक्षा कितीतरी चांगली. आणि मराठी घरातलं पोरगं तिकडं सहसा फिरकत नाही, 'ते कानडी आहे' म्हणून.

आमच्याकडं उलट. पलीकडं महाराष्ट्रात 1967 चा कायदा. तिथली वाचनालयं अ, ब, क, ड वर्गात बसतात आणि त्याप्रमाणं अनुदान घेतात. आम्हाला तो लागू नाही. आमचं भागतं वर्गणीवर, देणगीवर आणि लग्नात कुणी वाचनालयासाठी काढून ठेवलेल्या पाचशेएक रुपयांवर. मजा बघा, देशातला पहिला ग्रंथालय कायदा 1945 मध्ये केला कोल्हापूर संस्थानानं, इथून दोन-अडीच तासांवर. तो शेजार आमच्या काही उपयोगी पडला नाही.

तर अरिवु केंद्राच्या अक्कांना मी भेटलो. त्या कन्नड बोलणाऱ्या, पण बेळगावातच वाढलेल्या, मराठी छान समजतं. मी मोडक्या कन्नडमध्ये सुरुवात केली, त्या मराठीत उत्तर द्यायला लागल्या, आणि मग दोघांनीही आपापल्या सोयीची भाषा धरली. ठरलं असं की एका शनिवारी पोरं आमच्याकडं, पुढच्या शनिवारी त्यांच्याकडं. सप्ताहाचा पहिला दिवस म्हणून सुरुवात मात्र आजच, शुक्रवारी.

अक्कांनी कन्नड गोष्ट वाचली. एका म्हातारीची आणि तिच्या कोंबड्याची, लहान पोरांसाठीची, मोठाल्या चित्रांची. मराठी शाळेतल्या पोरांना निम्मी कळली असेल. मग अक्का म्हणाल्या, आता तुम्ही ही मराठीत सांगा. आणि जी पोरं कन्नड बोलायला तोंड उघडत नाहीत, त्यांनी न समजलेल्या जागी खुशाल आपल्या पदरचं घालून सांगितली. एकानं कोंबडा थेट वेंगुर्ल्याला नेला. अक्का पोट धरून हसल्या. शेवटी तिथल्या पोरांनी हा वेंगुर्ल्याचा भाग कन्नडमध्ये सांगायचा हट्ट धरला.

रात्री पारावर ऐकू आलं की वाचनालयवाले पोरांना कानडी शिकवायला लागले. दुसऱ्या कोपऱ्यातून आलं की पंचायतीत मराठी सुरू केलं. दोन्ही बाजूंनी एकदम तक्रार आली, तेव्हा मला बरं वाटलं. मातृभाषेच्या हक्कासाठी मोर्चाला मी जातो, पुढंही जाईन. पण ज्या पोराला उद्या इथंच जमिनीच्या उताऱ्यासाठी तलाठ्याकडं जायचं आहे, त्याच्या कानाला कन्नड गोष्ट लागली म्हणून त्याची मराठी कमी होते, हे मला पटत नाही. मराठी कमी होते ती घरात कुणी वाचत नाही म्हणून.

23 नोव्हेंबर, रविवार

कार्यकारिणीची बैठक. विषय एकच, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. अप्पांनी पाहुण्यांची यादी आणली होती. पुण्याचे दोघे, कोल्हापूरचे एक. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशी गावोगावी साहित्य संमेलनं होतात, ग्रंथदिंडी निघते, लेझीम असतं, बाहेरचे वक्ते येतात. तो सोहळा मला मनापासून आवडतो, दिंडीत मी दरवर्षी असतो. या भागात मराठी माणूस इतक्या संख्येनं राजकारणाशिवाय एकत्र येतो तो त्या मंडपांत. पण तेच आम्ही छोट्या प्रमाणात पुन्हा करून काय मिळवणार? वक्ता तोच आणि श्रोतेही तेच.

मी सुचवलं, या वर्षी पाहुणे नकोत. शनिवारची पोरं वाचतील, अभ्यासिकेतली पोरं वाचतील, माडीवरच्या मावश्यांपैकी कुणी तयार असेल तर ओव्या म्हणेल. सगळे सभासद नसलेले. खजिनदार लगेच हो म्हणाले, खर्च वाचतो म्हणून. त्या पैशात बालविभागासाठी उघडी मांडणी करायची, काचेशिवाय, पोरांच्या हाताला येईल एवढ्या उंचीची. एका सभासदानं विचारलं, पुस्तकं चोरीला गेली तर? दुसरे म्हणाले, गावातच जातील की, जाऊन जाऊन कुठं जातील.

अप्पा बराच वेळ बोलले नाहीत. पाहुण्यांच्या यादीची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, चालेल, पण अध्यक्षाचं काहीतरी पाहिजे. भाषण नको म्हणता, तर पहिली गोष्ट मी वाचणार.

बैठक संपल्यावर चपला घालताना विचारलं, "अप्पा, कुठली वाचणार?"

"ठरवतो की. तीन महिने आहेत. पण मला माईक पाहिजे हां, आत्ताच सांगून ठेवतो."