वाढत्या गोठ्यासाठी मिल्किंग पार्लर निवडताना: माझा अनुभव

दुभत्या गाई पन्नासच्या आत होत्या तोवर बादली मशीन आणि दावणीवरची धार चालून जात होती. कळप ११० दुभत्या गाईंवर न्यायचा आणि पुढे १५० पर्यंत वाव ठेवायचा असं ठरलं, तेव्हा पार्लरचा, म्हणजे गाई रांगेने आणून यंत्राने धार काढायच्या वेगळ्या जागेचा, विषय निघाला. विक्रेत्याकडे गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती पॉइंटचं हवं?" पॉइंट म्हणजे एका गाईच्या धारेची जागा. आपल्याकडे उत्तर तयार नसेल तर त्याच्या गोदामात जे पडून असेल तेच आपलं उत्तर ठरतं. त्यामुळे कॅटलॉग उघडण्याआधी वहीवर हिशेब केला.

हिशेबाला दोन गोष्टी लागतात: एका वेळच्या धारेला किती तास द्यायचे, आणि खड्ड्यात, म्हणजे गाईंच्या पातळीखालच्या काम करायच्या जागेत, किती माणसं उभी राहणार. आम्ही धुणं सोडून दोन तास आणि खड्ड्यात एक माणूस धरला. हेरिंगबोनमध्ये (गाई खड्ड्याच्या कडेला तिरक्या उभ्या राहतात) गाई आत घेणं, सड साफ करणं, क्लस्टर (चार सडांना लावायचा पेल्यांचा संच) लावणं, दूध निघणं आणि बाहेर सोडणं अशी एक फेरी साधारण १३ ते १५ मिनिटांची होते. म्हणजे तासाला चार ते साडेचार फेऱ्या. सहा-सहाच्या दोन रांगांत १२ पॉइंट, तासाला जास्तीत जास्त ५४ गाई. ११० गाईंना दोन तासांच्या किंचित वर लागतात, पण १५० ला पावणेतीन तास लागतात. आठ-आठला १६ पॉइंट, तासाला ६४ ते ७२ गाई. ११० गाई पावणेदोन तासांत, १५० गाई सव्वादोन तासांच्या आसपास. आमची निवड इथेच जवळपास झाली होती.

माणसाचा हिशेब मात्र वेगळा करावा लागतो आणि तो बहुतेक जण करतच नाहीत. पहिल्या धारा स्ट्रिप कपमध्ये (दूध तपासायच्या कपात) काढून सड डिप करायला (जंतुनाशकात बुडवायला) गाईमागे १२ सेकंद, पुसून क्लस्टर लावायला १८, दूध झाल्यावर पुन्हा डिप आणि इकडची तिकडची पावलं मिळून १०. झाले ४० सेकंद. या वेगाने एक माणूस तासाला ९० गाईंच्या पुढे जाऊच शकत नाही, आणि तेही कागदावर. २० पॉइंट साडेचार फेऱ्यांनी नेमके ९० होतात. त्याहून जास्त पॉइंट घेतले तर एक तर दुसरा माणूस लागतो, नाहीतर रिकाम्या सडांवर क्लस्टर लटकत राहतात. नंतरची दगडी (कासदाह) आणि सडाच्या टोकाला येणारी पांढरी खरखरीत कडी यांचं एक मोठं कारण हेच. त्यामुळे आपोआप क्लस्टर काढणारी यंत्रणा मी चैनीत मोजली नाही. एका माणसाच्या हातात आठपेक्षा जास्त क्लस्टर असतील तर ती घ्यावीच.

सडाला पहिला हात लागल्यापासून क्लस्टर लावेपर्यंत एक ते दोन मिनिटं जावीत. तेवढ्यात पान्हा उतरतो. त्याआधी लावलं तर सुरुवातीचं दूध निघून धार मध्येच थांबते आणि कोरड्या सडावर व्हॅक्यूम (यंत्राची ओढ) बसतो. उशीर झाला तर पान्ह्याचा जोर वाया जातो. आठ गाईंच्या रांगेत चार-चारचे गट करून काम केलं की ही वेळ साधते. आठही गाईंच्या पहिल्या धारा आधी काढून मग पुसायला परत आलं तर शेवटच्या गाईंना दोन मिनिटांच्या वर होतात. म्हशी पान्हा सोडायला गाईंपेक्षा जास्त वेळ घेतात आणि त्यांचे सडही वेगळे. मिश्र कळप असेल तर लायनर (पेल्यातली, सडाभोवती बसणारी रबरी नळी) आणि व्हॅक्यूम दोन्ही वेगळे धरावे लागतात आणि म्हशींचा गट वेगळा काढावा लागतो.

प्रकारांबद्दल थोडक्यात. टँडममध्ये गाई एकामागे एक उभ्या राहतात, प्रत्येक गाय स्वतंत्र सुटते, एका हळू गाईपायी बाकीच्या अडकत नाहीत, पण गाईमागे जवळपास अडीच मीटर लांबी आणि तेवढीच चाल. रोटरी काही शे गाईंच्या खाली परवडत नाही, आणि फिरता मंच बंद पडला की सगळंच बंद. रोबोटची एक पेटी सुमारे ६० गाई सांभाळते. बिघाड झाल्यावर काही तासांत तंत्रज्ञ येणार असेल तरच त्याचा विचार करावा. स्विंगओव्हरमध्ये दोन्ही रांगांना मिळून एकच क्लस्टरसंच, त्यामुळे यंत्राचा खर्च कमी. पण दुधाची लाइन वर असल्याने व्हॅक्यूम जास्त ठेवावा लागतो, आणि एका बाजूची हळू गाय दुसऱ्या बाजूलाही खोळंबून ठेवते.

खरी निवड हेरिंगबोन की पॅरलल एवढीच उरली. पॅरललमध्ये गाई खड्ड्याकडे पाठ करून शेजारी शेजारी उभ्या, म्हणून गाईमागे सुमारे ७० सेंटिमीटर लागतात, हेरिंगबोनमध्ये सव्वा मीटरच्या जवळ. आठ गाईंची रांग एकीकडे साडेपाच मीटर, दुसरीकडे नऊच्या पुढे. चाल वाचते हे खरं. पण पॅरललमध्ये मागच्या दोन पायांमधून हात घालून क्लस्टर लावायचा, कास बाजूने दिसत नाही, आणि पुढचे सड दूर असलेल्या गाईला त्रास होतो. गाई एकसारख्या अंगाच्या आणि बिनशिंगी असतील तर पॅरलल उत्तम. आमच्या कळपात पहिलारूपासून पाचव्या वेतापर्यंत सगळी मापं, म्हणून हेरिंगबोन. खड्डा, छप्पर आणि पाइपांची मापं दहा-दहाची, यंत्रं आठ-आठची. नंतर लोखंड वाढवता येतं. काँक्रीट वाढवणं म्हणजे धार बंद ठेवून तोडफोड.

काँक्रीट ओतण्याआधीच व्हायला हवं असं एक काम ठेकेदार हमखास विसरतो. गाई जिथे उभ्या राहतात त्या फरशीतली जाळी, खांब आणि सगळं लोखंड एकमेकांना जोडून अर्थिंगला नेणं. ओल्या पायांवर उभ्या गाईला एखाद्या व्होल्टचा फरकही जाणवतो. मग ती आत यायला बिचकते, पाय झाडते, दूध चोरते, आणि आपण मात्र लायनर बदलत बसतो. फरशी पडल्यावर हे दुरुस्त करणं जवळपास अशक्य.

खड्ड्याची खोली काम करणाऱ्याच्या उंचीवरून ठरवा. साधारण ९० सेंटिमीटर ते एक मीटर. सड कोपराच्या थोडे वर यावेत, म्हणजे खांदे भरून येत नाहीत. उंच-बुटकी माणसं आलटून पालटून काम करणार असतील तर खोल खड्डा घेऊन बुटक्यासाठी जाड रबरी मॅट टाकावी. कासेजवळ ५०० लक्स उजेड असला तर दुधातल्या गुठळ्या वेळेत दिसतात.

प्रतीक्षा अंगण गाईमागे किमान दीड चौरस मीटर. पार्लरकडे चढत जाणारा हलका उतार ठेवला की गाई आपोआप पुढे तोंड करून उभ्या राहतात. दारात काटकोनी वळण, आडवं गटार, किंवा उजेडातून एकदम अंधार नको. या तीनपैकी काहीही असलं तर प्रत्येक फेरीत मिनिट-दोन मिनिटं जातात आणि वर केलेला सगळा हिशेब कोसळतो. एका गटाने तासाभराहून जास्त उभं राहू नये, म्हणून गट ६० गाईंचा. पार्लरमध्ये खुराक देण्याच्या मी विरोधात आहे. गाय लवकर आत येते हे मान्य, पण ती बाहेर पडत नाही, आणि पेंडीची धूळ उडते ती वेगळीच.

व्हॅक्यूम पंपासाठी एक प्रचलित ठोकताळा आहे: मूळ १,००० लिटर हवा प्रति मिनिट, अधिक दर क्लस्टरमागे ८५. १६ क्लस्टरला २,३६०, २० ला २,७००. आम्ही २० चा धरला. समुद्रसपाटीपासून उंचावर असाल तर त्याच पंपाची क्षमता घटते, हे आधी विचारून घ्या. वेगनियंत्रक बसवला तर मोठा पंप सतत पूर्ण वेगात वीज खात नाही. दुधाची लाइन खाली, वळसा घालून परत रिसीव्हरला (दूध जमा होणाऱ्या भांड्याला) येणारी, किमान एक टक्का उताराची. उतार मध्ये कुठे मोडला तर दूध साचून पाइप भरतो आणि क्लस्टरचा व्हॅक्यूम हेलकावतो.

पैशांचा शेवटचा हप्ता चाचणीनंतरच द्यायचा असं करारात लिहून घेतलं. एक क्लस्टर हवेत उघडा सोडला तर रिसीव्हरजवळचा व्हॅक्यूम २ किलोपास्कलपेक्षा जास्त पडू नये. गाईची धार भरात असताना क्लॉमध्ये (क्लस्टरच्या चार नळ्या जुळतात त्या वाटीत) ३५ ते ४२ किलोपास्कल मिळावेत. पल्सेशन (लायनर उघडण्या-मिटण्याचे ठोके) मिनिटाला ६० च्या आसपास, आणि प्रत्येक ठोक्यात लायनर पूर्ण मिटलेला वेळ १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी नको. नुसती कोरडी चाचणी मान्य करू नका. ती गाय नसताना होते.

धुण्याला दर क्लस्टरमागे आठ ते दहा लिटर पाणी, प्रत्येक टप्प्याला. पहिलं पाणी कोमट, ३५ ते ४० अंश. गार पाण्याने स्निग्धांश गोठतो, फार गरम घेतलं तर प्रथिनं चिकटतात. मग अल्कली ७० ते ७५ अंशांवर सुरू, आणि परतीचं पाणी ४५ च्या खाली जायच्या आत निचरा. त्यानंतर आम्ल. पाणी जड असेल तर पावडरचं प्रमाण वाढतं, म्हणून पाण्याची तपासणी आधी करा. क्लोरीन असलेली पावडर आणि आम्ल चुकूनही एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू निघतो.

बल्क कूलर (दूध गार करून साठवायची टाकी) नुसता लिटरवर निवडायचा नसतो. तासाला ७२ गाई आणि गाईमागे एका वेळचे साडेसात लिटर म्हणजे ५४० लिटर दर तासाला आत येणार. कंप्रेसरने तो वेग झेलला पाहिजे. आधी प्लेट कूलर लावला तर दूध विहिरीच्या पाण्याच्या तापमानाजवळ येऊनच टाकीत पडतं. जनरेटर व्हॅक्यूम पंप आणि कूलर दोन्ही एकदम ओढेल एवढा हवा.

गाई नेताना आधी यंत्र बंद ठेवून नुसतं आतून बाहेर काढायचं, मग आवाज चालू करून, मग धार. शांत, जुन्या गाई पुढे. पहिले काही दिवस शेण जास्त पडतं, दूध थोडं घटतं, पण ते परत येतं. मागचं रेटगेट (गाईंमागून पुढे सरकणारं फाटक) फक्त रिकामी जागा भरायला वापरायचं. त्याने ढकललं की गाई उलट्या फिरतात.

रबरी लायनरचं आयुष्य २,५०० धारांचं. २,५०० ला १६ क्लस्टरने गुणून दिवसाच्या धारांनी, म्हणजे ११० गाईंच्या दोन वेळच्या २२० ने, भागलं की १८२ दिवस येतात. गाई १५० झाल्या की तेच १३३ वर येतं. तारीख खड्ड्याच्या भिंतीवर रंगाने लिहिलेली आहे, आणि गाई वाढल्या की ती पुसून अलीकडे ओढावी लागते.