दोन कायदे, एकच तारीख

डब्लिनमध्ये मराठी पर्यटकांना पायी शहर दाखवण्याचे काम मी करतो. ओकॉनेल स्ट्रीटच्या टोकाला, पुलालगतच्या पुतळ्यापाशी माझे बोलणे ठरलेले असते: चबुतऱ्यावरील पंखधारी मूर्तींवर 1916 च्या ब्रिटिशविरोधी उठावातील गोळ्यांच्या खुणा आहेत, आणि ज्याचे हे स्मारक, त्या डॅनियल ओकॉनेल या एकोणिसाव्या शतकातील आयरिश कॅथलिक नेत्याने मात्र राजकारणात शस्त्राला कायम नकार दिला. (1815 मध्ये द्वंद्वयुद्धात त्याच्या हातून एक माणूस मारला गेला होता, तो पश्चात्ताप त्याला जन्मभर पुरला.)

एकदा गटात पतसंस्थेतून निवृत्त झालेले एक काका होते. कॅथलिकांच्या हक्कांसाठी 1823 मध्ये स्थापन झालेल्या ओकॉनेलच्या कॅथलिक असोसिएशनने पुढच्याच वर्षी महिना एक पेनी अशी वर्गणी ठेवली, असे मी सांगताच पेनी म्हणजे पौंडाचा कितवा भाग, हे त्यांनी विचारले. दोनशे चाळिसावा, असे कळल्यावर ते म्हणाले, "म्हणजे हा माणूस पैसे नव्हे, सभासद गोळा करत होता." इतके नेमके मला कधी सांगता आले नव्हते.

मग आयर्लंडमधील क्लेअर या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, पोटनिवडणूक आली. कॅथलिकाला उमेदवार होता येत होते, पण खासदाराच्या शपथेतच त्याच्या धर्माचा धिक्कार असल्याने लंडनच्या ब्रिटिश संसदेत बसता येत नव्हते. मतदान उघड असूनही, वर्षाला चाळीस शिलिंग, म्हणजे दोन पौंड उत्पन्नाच्या जमिनीवर मताधिकार मिळालेल्या कुळांनी जुलै 1828 मध्ये जमीनदारांना न जुमानता ओकॉनेलला 2057 मते दिली. प्रतिस्पर्ध्याला 982 मिळाली. यादवीच्या धास्तीने सरकार नमले आणि 13 एप्रिल 1829 रोजी कॅथलिकांना संसदेचे दार उघडणारा कायदा झाला.

एरवी मी येथून थेट 1843 वर येतो. आयर्लंडला स्वतःची संसद परत मिळावी म्हणून डब्लिनजवळच्या क्लॉन्टार्फला भरणार असलेल्या प्रचंड सभेवर आदल्या दिवशी बंदी आली आणि रक्तपात नको म्हणून ओकॉनेलने ती रद्द केली. ते भय की शहाणपण, हा वाद हमखास रंगतो. त्या दिवशी मात्र काकांनी विचारले, "त्या दोन पौंडवाल्या कुळांचे पुढे काय झाले?"

उत्तर मला ठाऊक होते, पण मी ते गाळत आलो होतो. त्याच 13 एप्रिलच्या दुसऱ्या कायद्याने आयर्लंडच्या काउंट्यांतील मताधिकाराची मर्यादा दोनवरून 10 पौंडांवर गेली आणि ज्यांनी विजय मिळवून दिला, त्यांचेच मत गेले. ओकॉनेलने 1825 मध्येच अशा तडजोडीची तयारी दाखवली होती. 1829 मध्ये त्याने विरोध नोंदवला, पण हाती आलेला कायदा पणाला लावला नाही. माझ्या मते त्याच्यावर ठपका ठेवायचाच, तर तो क्लॉन्टार्फपेक्षा येथे ठेवावा.

काका बराच वेळ पुतळ्याखालच्या शिल्पपट्टीकडे पाहत होते. तेथे पायाशी तुटलेल्या बेड्या असलेली आयर्लंडची स्त्रीमूर्ती आहे.

"हिच्या हातात काय आहे?"

"1829 चा कायदा."

"दोनपैकी कोणता?"

"पहिला," मी म्हणालो.